चिंधा या नावाची व्युत्पत्ती

जळगाव, सोमवार, ६ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप भाऊस साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण, एक गंभीर तक्रार.

दिवाळीत तुला पाठवलेलं पत्र परवा परत आलं. पाकिटावर लाल शाईचा शेरा आहे : 'या नावाचा इसम येथे राहत नाही.' पोस्टाचा शेरा म्हणून मी तो निमूट मान्य केला असता. पण भाऊ, पोस्टमन 'राहत'मधला ह असा पोटात गाठ मारल्यासारखा काढत नाही. तसा ह सबंध धुळे जिल्ह्यात एकच माणूस काढतो आणि तो पारोळा रोडवर शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करतो. म्हणजे इसमाने पत्र स्वतःच्या हाताने घेतलं, इसम इथे नाही असं स्वतःच्याच हाताने लिहिलं आणि पोस्टमनला चहा पाजून वाटेला लावलं. 'मी मुका आहे' असं मोठ्याने ओरडून सांगणाऱ्याला आमच्या शास्त्रात वदतोव्याघात हा दोष लावतात. तीस वर्षं मी तो दोष मुलांना शिकवतोय. इतकं शुद्ध उदाहरण आजवर मिळालं नव्हतं. आभारी आहे.

मी पाकिटावर 'श्री. चिंतामण रुपचंद बोरसे' लिहिलं होतं, हे कबूल. आज 'चिंधा' लिहिलंय. हाताला सवय नाही, पेन दोनदा थांबलं. आता हे पत्र परत करायचं तर इसमाला दुसरं कारण शोधावं लागेल.

फोन तू उचलत नाहीस. कोकिळावहिनी उचलतात, "ते दुकानात गेलेत" म्हणतात आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. म्हणून पत्र.

काम किरकोळ आहे. आईची जुनी सुती लुगडी वहिनींच्या पेटीत असतील. त्यातलं धुऊन धुऊन मऊ झालेलं एखादं पाठवावं. कशाला ते विचारू नये.

असं लिहून पत्र संपवणार होतो. पण तू विचारणार नाहीसच, तेव्हा न विचारता सांगतो. ऋतू इथे आहे. माझी ऋतंभरा, जिचं नाव तुला कधी धड घेता आलं नाही म्हणून तू तिला रुतूमाय करून टाकलंस. पुण्याहून ती बाळंतपणाला मार्चमध्ये येणार होती. डिसेंबरात सहज चार दिवस म्हणून आली आणि अठ्ठावीस तारखेला मोकळी झाली. मुलगा. दहा आठवडे आधी. वजन अकराशे चाळीस ग्रॅम. तू मोटारीत भरतोस ते तारेचं बंडलसुद्धा याहून जड असेल. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलाय. काल अकराशेच्याही खाली उतरला. पहिल्या दिवसांत उतरतंच, असं डॉक्टर म्हणतात. म्हणताना ते माझ्याकडे बघत नाहीत, फाइलकडे बघतात.

तिथल्या सिस्टरने यादी दिली. नवे कपडे आणू नका, नव्या कापडाची खळ असल्या कातडीला टोचते. जुन्या सुती साडीचे तुकडे आणा, उकळून, इस्त्री करून.

मी विचारलं, "म्हणजे चिंध्या?"

"हो काका, चिंध्याच. पण स्वच्छ."

आमच्या घरात कपाटं उलटीपालटी केली. सगळं चकचकीत, पाणी न शोषणारं. माझ्या घरात एक चिंधी सापडू नये याची मी पूर्ण व्यवस्था करून ठेवली आहे, असं दिसतं.

पेटीवर चिकटपट्टी आहे, 'बेबी ऑफ ऋतंभरा'. नाव अजून नाही. गावातल्या तीनशे बारा मुलांची नावं ज्याने ठेवली त्याच्या नातवाला नाव नाही. ही दुसरी तक्रार. ती कोणाकडे करावी ते कळत नाही.

तुझा
योगेंद्र


जळगाव, शनिवार, ११ जानेवारी

ती. भाऊस,

एसटीचं पार्सल मिळालं. आईचं हिरव्या काठाचं लुगडं, सोळा तुकडे, डेटॉलचा वास, कडक घडी. आत चिठ्ठी नाही. शोधली, झटकलं, पुन्हा शोधली.

घड्या वहिनींच्या आहेत. पण गठ्ठा बांधलाय तो मोटारीच्या कॉइलला गुंडाळतात त्या पांढऱ्या सुती पट्टीने, आणि गाठ तुझी आहे. ती सोडवायला मला दहा मिनिटं लागली. शेवटी कात्री न लावता सुटली, याचा मला उगाच अभिमान वाटतोय.

बाळ आता आईच्या लुगड्यावर झोपतं. वजन एक हजार नव्वद. नळीने दूध, दोन-दोन तासांनी. ऋतू शेजारच्या स्टुलावर बसून असते. जावई नीलेश पुण्याहून शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या गाडीने जातो. नाव विचारलं की ती म्हणते, "बाबा, आत्ता नको."

मी गप्प बसतो, पण वही काढून बसतो. तुला ती माझी वही माहीत आहे. आईबाप येतात, "सर, 'य'वरून द्या, नवीन द्या, कोणाचंच नसेल असं." मी म्हणतो, मुलगा तर कोणाचा तरी आहे ना, मग नाव कोणाचंच नसलेलं कशाला? त्यांना विनोद कळत नाही, मी नाव देतो. अर्थ, मूळ, सम अक्षरं, सुरुवातीला मृदू व्यंजन, सगळं शास्त्राला धरून. दोन महिन्यांनी ते पोरगं गल्लीत 'पिंट्या' या नावाने सापडतं. तरी वही वाढते आहे.

परवा ऋतूने वही मिटली आणि म्हणाली, "नाव काका ठेवतील."

मी म्हटलं, "कोणता काका?"

"मला किती काका आहेत?"

"तो येणार नाही."

"तुम्ही बोलावलंत का?" मी वही पुन्हा उघडायला गेलो. तेव्हा म्हणाली, "आजीची पहिली तिन्ही गेली होती ना? मग काका जगले. मला शास्त्राला धरून नकोय बाबा. जगलेल्या माणसाकडून हवंय."

तर हे आमंत्रण आहे. ते तिचं आहे असं मी वर लिहिलं, म्हणजे तुला नाही म्हणायला अवघड जाईल.

तुला वाटेल, लग्नपत्रिकेचा विषय हा मुद्दाम टाळतोय. टाळत नाही. तुझ्या दीपमालाच्या लग्नाची पत्रिका तू माझ्याकडे तपासायला दिलीस, "तू सर शे, चुका काढ" म्हणून. मी एकही चूक नसलेल्या मजकुरातून एक काढली. 'श्री. चिंधा'च्या जागी 'श्री. चिंतामण' केलं आणि आठशे प्रती छापून आणल्या. तुला विचारलं नाही. व्याही नाशिकचे, शिकलेले, मंडपात मोठी माणसं येणार, अशी कारणं माझ्याकडे होती. सगळी दुसऱ्यांची होती.

मग लग्नात सूत्रसंचालक माइकवर ओरडतोय, "वधूपिता चिंतामणभाऊंनी मंचावर यावं!" आणि तू नारळ हातात धरून मंचाखाली उभा, दुसऱ्या कोणाची तरी वाट बघत. शेजारचा चुडामण भर मांडवात म्हणाला, "हाऊ चिंतामण कोन शे रे? पोर त्यानी शे, ते मंग चिंधाभाऊ कसाले रडी ऱ्हायना?" सगळे हसले. तूही हसलास. ते तुझं हसणं मी साडेपाच वर्षं पुरवून वापरतोय. तो हसला होता, म्हणजे राग पत्रिकेचा नसेल, असं मी स्वतःला सांगतो. लोकांना मात्र राग पत्रिकेचा आहे असं सांगतो. हळदीच्या दिवसाचं कोणालाच सांगत नाही.

ते राहू दे. बाळाला अजून तुकडे लागतील. तिथे ते रोज उकळतात, लवकर विरतात.

योगेंद्र


जळगाव, बुधवार, १५ जानेवारी

भाऊ,

आज तक्रार नाही.

काल संक्रांत. दुपारी चारला भेटायची वेळ. ऋतू जेवायला गेली होती म्हणून आत मी गेलो, टोपी, गाऊन, साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन. बाळ लुगड्याच्या तुकड्यावर निजलेलं. छाती हलत होती ती बघत उभा होतो. मग हलेनाशी झाली. मला वाटलं, माझ्या चष्म्यावर वाफ आली असेल. तेवढ्यात यंत्र ओरडायला लागलं.

सिस्टर आली. तिने पेटीच्या गोल झरोक्यातून हात घालून त्याच्या तळपायावर टिचक्या मारल्या. एक, दोन. म्हणाली, "काका, हाक मारा त्याला. बोला. आवाज ऐकू येतो त्यांना."

हाक काय मारणार? तीनशे बारा नावं माझ्या वहीत आहेत. अर्थासकट पाठ आहेत. त्यातलं एक तोंडाला येईना. बाळ निळसर पडत होतं आणि मला हाक मारायला नाव नव्हतं.

मी ओरडलो, "चिंधा! ए चिंधा!"

तसंच, आई विहिरीवरून तुला हाक मारायची तसं. का ते विचारू नकोस. त्या क्षणी मला एकच माणूस आठवला जो मरायचा होता आणि मेला नाही.

सिस्टरने तिसरी टिचकी मारली आणि त्याने श्वास घेतला. टिचकीने घेतला, हे मला समजतं. माझी बुद्धी जागेवर आहे. पण मी अजून तिथून घरी परत आलेलो नाही असं वाटतंय.

ती हसून म्हणाली, "असं होतं या बाळांना, घाबरू नका, औषध चालू आहे. नाव काय म्हणालात? पट्टीवर लिहून टाकते." आणि मी काही बोलायच्या आत तिने लिहिलं. काचेवर आता निळ्या पेनाने 'चिंधा' आहे.

ऋतू आली, तिने वाचलं. मला वाटलं, चिडेल. तिने ते बोटाने नीट दाबून चिकटवलं, एक कोपरा सुटत होता. मग विचारलं, "अर्थ काय बाबा याचा?"

मी म्हटलं, "कापडाचा फाटका तुकडा."

"तो शब्दाचा झाला. नावाचा काय?"



आपल्यात जिवंत माणसाचं नाव घरातल्या मुलाला देत नाहीत, हे मला माहीत आहे. मी ते तुला न विचारता दिलं. ही माझी दुसरी वेळ. या वेळी विचारतो, राहू देऊ का?

वजन एक हजार एकशे पन्नास.

योगेंद्र


पारोळा, रविवार, १९ जानेवारी

भाऊ,

हे पत्र पारोळ्याच्या बसस्टँडवर लिहितोय. इथून धुळ्याची गाडी समोर उभी आहे, पाऊण तासात तुझ्या दुकानाशी पोहोचेन. बसलो नाही. जळगावच्या गाडीची वाट बघतोय. आपली हिंमत किती ते माहीत असलेलं बरं.

ऋतूच्या प्रश्नाने चार दिवस झोप नीट लागली नाही. नावाचा अर्थ मला येत नाही असं आजवर झालं नव्हतं. पुस्तकातलं मला ठाऊक आहे. मूल जगत नसलं की पुढच्याला टाकाऊ नाव द्यायचं, दगडू, उखर्डू, भिका, म्हणजे मृत्यूने दाराशी येऊन पाहिलं तरी त्याला उचलावंसं वाटू नये. फार जुनी रीत. वेदकाळच्या एका बापाने तर तिन्ही मुलांना 'कुत्र्याचं शेपूट' या अर्थाची तीन वेगवेगळी नावं दिली होती, आणि तो ऋषी होता. हे सगळं मी वर्गात रंगवून सांगतो. पण तुझं नाव कोणी ठेवलं, कसं ठेवलं, हे मी आईला कधी विचारलं नाही. सांगू शकणारं एकच माणूस उरलं होतं, म्हणून आलो. चंपालालशेठच्या कापडदुकानातल्या शेठाणी, सूरजबाई. चौऱ्याऐंशीच्या झाल्यात. दुकान आता नातू अखिल चालवतो, त्या आत पलंगावर बसून गिऱ्हाईक मोजतात.

मी नमस्कार केला. म्हणाल्या, "कोण? भागाबाईचा मोठा?"

"धाकटा."

"हां. मास्तर." आणि पाय मागे घेतले.

मी नावाचं विचारलं. मग त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

"तुझी आई आली तेव्हा मूल सात दिवसांचं. पदराखाली. उन्हातून चालत आलेली. दुकानात शेठ बसलेले. म्हणाली, शेठजी, कपडा द्या. शेठनी ठाण काढलं, मलमल. म्हणाले, बाई, पैसे नको, पोराला घेऊन जा. तर ही मागे सरली. म्हणाली, नवा नको. ज्यात तुमचं पोर वाढलं तो द्या. फाटका द्या. शेठ चक्रावले. भीक मागायला आलेली बाई, आणि नवा कपडा नको म्हणते! मी आतून ऐकत होते. मला कळलं. माझे दोन जगले होते ना. मी मोठ्याचं झबलं आणलं, बाही निघालेली. तिने ते तिथेच, दुकानाच्या पायरीवर, मुलाला घातलं. पाच घरं करायची होती तिला, माझं चौथं. ज्यांची मुलं जगली अशीच घरं. वर्षभर अंगाला नवा धागा लावला नाही पोराच्या. नाव कोणी ठेवलं म्हणतोस? कोणीच नाही ठेवलं. पाच घरच्या चिंध्यांत आला, त्याला दुसरं काय म्हणणार?"

भाऊ, मी साठ वर्षांपूर्वीच्या त्या पायरीकडे बघत हे ऐकत होतो. दगड तोच आहे.

म्हटलं, "आणि माझं?"

हसल्या. "तू आलास तेव्हा पेढे घेऊन आली. नव्या लुगड्यात. म्हणाली, सूरजबाई, याला मोठं नाव ठेवलंय, इंद्राचं. आता भीती नाही, मोठ्याने दार अडवून धरलंय."

माझ्या नावाचा अर्थ मी लहानपणापासून सांगत आलोय, योगांचा इंद्र, योग्यांत श्रेष्ठ. तो चुकीचा नाही. फक्त तो इंद्र कशावर उभा आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एका बाही निघालेल्या झबल्यावर.

मग त्यांनी जे सांगितलं ते तुला माहीत आहे. मला अर्धं माहीत होतं. पत्रिका घरी आल्यावर आईने ती कोणाकडून तरी वाचून घेतली आणि तुझं नाव त्यात नाही हे तिला कळलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कोणाला न सांगता, एसटीने पारोळ्याला आली. सूरजबाईंच्या पुढे पत्रिका ठेवून म्हणाली, "नाव काढी टाकं वं त्याना अंगवरतून. आते परत दे माले." तुझ्या अंगावरून नाव उतरवलं गेलं, म्हणून ती पुन्हा चिंधी मागत होती. सूरजबाईंनी अखिलच्या लहानपणीचा रुमाल दिला. बाकीची घरं शोधत ती दिवसभर फिरली. दोन घरं उरलीच नव्हती. त्यांच्या शेजाऱ्यांकडून आणलं.

आणि हळदीच्या दिवशी, व्याही चहा घेत बसलेले असताना, ती मांडवात आली. हातात गाठोडं. "चिंध्या मांगी लयनू," म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आनंदाने.

मी काय बोललो ते तू ऐकलंस. मी ते आजवर कुठे लिहिलेलं नाही, आज लिहितो. मी म्हणालो, "भीक मागत फिरतेस, लाज नाही वाटत? या लोकांसमोर तरी."

तिने गाठोडं पदराखाली घेतलं. तुझ्याकडे बघितलं. तू उठलास, त्यातली एक चिंधी काढलीस, मनगटाला बांधलीस आणि तशीच बांधून दुसऱ्या दिवशी कन्यादान केलंस. मला एक शब्द बोलला नाहीस. अजूनही बोललेला नाहीस.

पत्रिकेचा राग नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

निघताना सूरजबाई अखिलला म्हणाल्या, "आतलं जुनं मुलांचं काही असेल ते दे मास्तरला." त्याने छापील पिशवीत घालून दिलं. दुकानातल्या माणसांसमोर, हात पुढे करून, मी ते घेतलं. आपण काय मागत होतो ते मला ठाऊक होतं, आणि भाऊ, लाज वाटली नाही.

गाडी लागली. वजन काल एक हजार दोनशे तीस होतं.

योगेंद्र


जळगाव, गुरुवार, ३० जानेवारी

भाऊ,

तुझं पत्र आलं. पोस्टमनने बेल वाजवली आणि मी चपला न घालता फाटकापर्यंत गेलो. मी ते ऋतूला दवाखान्यात वाचून दाखवलं, मग सिस्टरला. तिचं माहेर पाचोऱ्याकडचं, तिला दुसऱ्यांदाही ऐकायचं होतं. आता मला ते पाठ आहे, म्हणून खाली उतरवतोय. तुझ्या हातचं इतकं लांब लिखाण पुन्हा मिळेल याची खात्री नाही, दोन ठिकाणी असलेलं बरं.

"योग्या, तुनं पत्र बठ्ठं वाचं. कोकिळानी वाचं, मी आयकं. नाव दी टाक. मना नावले काय घसारा लागस? पन पोऱ्या चालाले लागना का तुनी वहीमाधलं चांगलं नाव ठेव. चिंधीनं काम तेवढंच शे. अंगवर ऱ्हाई, मंग निंघी जाई. माले कोनी बदली दिन्ही नही, म्हनीसन मी तसाच ऱ्हायनू. आते माले तेच आवडस. येवानं शे. चिंधा."

यावर मी काही टिपा करतो, सवय आहे.

पहिली टीप : नावाला घसारा लागत नाही, हे मान्य.

दुसरी : चालायला लागला की वहीतलं नाव. ऋतूने ते ऐकलं आणि म्हणाली, "बघू. त्यालाच विचारू." म्हणजे अजून वर्षभर तरी तुझं नाव आमच्या घरात रोज मोठ्याने घेतलं जाणार. तुला उचक्या लागल्या तर आमच्यामुळे.

तिसरी : कोणी बदलून दिलं नाही म्हणून तसाच राहिलास आणि आता तुला तेच आवडतं, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. तुझ्या दुकानाची पाटी मी किती वेळा पाहिली, 'चिंधा मोटार रिवाइंडिंग', हातभर अक्षरं. मला नेहमी वाटायचं, बिचाऱ्याचा नाइलाज आहे.

आता बातम्या. वजन एक हजार चारशे साठ. नळी काढली. चमच्याने दूध घेतो, थेंब थेंब, आणि मध्येच थांबून चव आठवल्यासारखं तोंड करतो. संक्रांतीनंतर एकदाच श्वास विसरला, त्यालाही आता दहा दिवस झाले. काल ऋतूने त्याला छातीशी धरलं, कातडीला कातडी, तासभर. वरून सूरजबाईंच्या घरचं जुनं पांघरूण. डॉक्टर आता बोलताना फाइलकडे न बघता माझ्याकडे बघतात. म्हणाले, असंच चाललं तर येत्या आठवड्यात घरी. मी विचारलं, "नक्की?" म्हणाले, "सर, तुम्ही नावं ठेवा, बाकीचं आमच्याकडे द्या."

यायचं आहे म्हणतोस, तर नऊ फेब्रुवारी, रविवार. बारसं म्हणू नये, डॉक्टरांनी गर्दी नको म्हणून सांगितलंय. आम्ही घरचे, तू, वहिनी, आणि दीपमालाला जमलं तर तीही. पत्रिका छापलेली नाही. धुळ्याहून सकाळी आठची गाडी धरलीस तर ऊन चढायच्या आत पोहोचशील, बसस्टँडवर मी असेन. वहिनींना सांग, भरीत इथे करू, वांगी बामणोदची आणलीत. बाळाच्या कानात कुर्र तू करायचं, नाव तू सांगायचं, मी मागे उभा राहीन. शास्त्राला विचारलं तर आत्या लागते. नीलेशला बहीण नाही, शास्त्र जुळवून घेईल.

एवढं लिहून पत्र संपत होतं. पाकीटही बंद केलं होतं. ते फोडून पुढचं लिहितोय.

बाळाची भीती आता मला वाटत नाही. अगदी वाटत नाही असं नाही, पण ती सगळ्यांना आहे तेवढीच आहे. माझी भीती वेगळी आहे आणि ती तुझ्या येण्याची आहे. तू येशील, नाव ठेवशील, जेवशील, सगळ्यांशी बोलशील, माझ्याशीही बोलशील. तू तसा मोठा आहेस. आणि आईचा विषय निघणार नाही.

हळदीनंतर ती चार महिने होती. त्यात मी दोनदा धुळ्याला आलो. तिच्या गोळ्यांबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो. जे बोललो होतो ते मागे घेतलं नाही. पुढच्या खेपेला घेऊ म्हटलं. ती गेली तेव्हा मी एरंडोलच्या पुढे बसमध्ये होतो. तू तिच्याजवळ होतास.

तिने शेवटी माझं नाव काढलं का, हे मला तुला विचारायचं आहे. घरात माणसं असतील, म्हणून आधी लिहून ठेवतो. हो असेल तरी सांग, नाही असेल तरी सांग. दोन्ही उत्तरांची मला भीती वाटते, पण न विचारता अजून एक वर्ष काढण्याची जास्त वाटते.

तुझा
योग्या